खोरेझमच्या वाळवंटी किल्ल्यांची एक दिवसाची सहल: या चुका टाळा

उझबेकिस्तानातल्या खिव्याच्या मुक्कामात एक दिवस मोकळा आहे म्हटलं की हॉटेलवाला हमखास एक सहल सुचवतो. सकाळी निघायचं, अमूदर्या नदी ओलांडायची, किझिलकुम वाळवंटाच्या काठावरचे प्राचीन खोरेझम प्रदेशाचे किल्ले पाहायचे आणि संध्याकाळी परत. सहल करण्याजोगीच आहे. तरी तिथून परतलेल्या पुष्कळांची तक्रार एकच असते, की दिवसभर गाडीत बसून शेवटी मातीचे ढिगारे पाहिले. यात बहुतेक वेळा दोष किल्ल्यांचा नसतो. दिवस चुकीचा आखलेला असतो, नाहीतर समोर काय आहे ते सांगणारं कुणी सोबत नसतं.

नदीपलीकडचा हा भाग उझबेकिस्तानातल्या काराकल्पाकस्तान या स्वायत्त प्रजासत्ताकात येतो. तिथल्या एका तालुक्याचं नावच एल्लिककला, म्हणजे 'पन्नास किल्ले'. अयाज कला, तोप्राक कला, किझिल कला या नावांतली 'कला' ही आपल्याकडच्या चित्रकलेतली नव्हे. मूळ अरबी शब्द तोच, ज्यावरून मराठीत 'किल्ला' आला. आणि 'तोप्राक' म्हणजे माती. मातीचा किल्ला. हे एक नाव नीट लक्षात ठेवलं तरी अर्ध्या चुका टळतात, कारण इथे दगडी बांधकाम शोधूनही सापडत नाही. सुमारे 40 सेंमी चौरस आणि 10 सेंमी जाडीच्या, उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटा, आणि 'पाख्सा' म्हणजे तुडवून घट्ट केलेल्या चिखलाचे थर. एवढ्यावर इथल्या काही भिंती दोन हजारांहून जास्त वर्षं उभ्या आहेत. त्या कुठे टिकल्या, कुठे ढासळल्या, तिथे कसं चालायचं, कोणत्या उन्हात पाहायचं, हे सगळं त्या मातीवर ठरतं.

नकाशावर भलतंच ठिकाण निवडणं

एकेका किल्ल्याची तीन-चार स्पेलिंग प्रचलित आहेत: रशियनवरून आलेलं, उझबेक लिपीतलं, काराकल्पाक उच्चाराचं. 'अयाज कला' शोधून सापडलं नाही तर 'अयोझकला' टाकून पाहा. तोप्राक कलेचं उझबेक रूप 'तुप्रोककला', आणि खरी गफलत तिथे होते. खोरेझम प्रांतात तुप्रोककला नावाचा एक तालुकाच आहे. त्याचं मुख्य गाव पितनाक, तेही खिव्याच्या आग्नेयेला. किल्ला मात्र ईशान्येला, नदीच्या पलीकडच्या तीरावर. नेव्हिगेशनमध्ये नुसतं नाव टाकून निघालेली गाडी दोन तास उलट दिशेला जाऊ शकते. किल्ल्याची खूण उपग्रहचित्रावर डोळ्यांनी तपासून मगच साठवा. सुमारे 500 बाय 350 मीटरचा आयत आणि त्याच्या वायव्य कोपऱ्यात उंचवटा दिसला, की ठिकाण बरोबर. हा नकाशा हॉटेलच्या वायफायवरच ऑफलाइन उतरवून घ्या, कारण अयाज कलेच्या बाजूला मोबाइलला रेंज मिळेलच असं धरून चालता येत नाही.

दुसरा घोळ उर्गेंचचा. विमानतळ असलेलं उर्गेंच उझबेकिस्तानात, खिव्यापासून साधारण 35 किमीवर. कुन्या-उर्गेंच म्हणजे जुनं उर्गेंच, ते तुर्कमेनिस्तानात. तिथले मिनार फोटोत पाहून 'तेही त्याच दिवशी करू' असं कुणी म्हणालं तर तो वेगळा देश आहे आणि वेगळा व्हिसा लागतो, हे आधीच सांगा. शिवाय उझबेकिस्तानचा ई-व्हिसा एकदाच प्रवेशाचा असेल तर एकदा बाहेर पडल्यावर तो संपला. परत येता येणार नाही.

ड्रायव्हरला गाइड समजणं

सर्वांत महागात पडणारी चूक ही. 'फोर्ट टूर' म्हणून जे विकलं जातं त्यात पुष्कळदा फक्त गाडी आणि चालक असतो. चालक भला असतो, रस्ता त्याला पाठ असतो, पण तो किल्ल्याच्या पायथ्याशी गाडी लावणार, हाताने वरची दिशा दाखवणार आणि सावलीत बसणार. भाषाही उझबेक, काराकल्पाक किंवा रशियन. नंतर वाद घालण्यात अर्थ नसतो, कारण त्याने गाइड असल्याचा दावा केलेलाच नसतो.

पैसे देण्याआधी पुढचे प्रश्न विचारा आणि उत्तरं मेसेजमध्ये लिहून घ्या. तोंडी ठरलेलं सकाळी गाडी बदलली की संपतं.

– भाव माणशी की गाडीमागे? सोममध्ये की डॉलरमध्ये?
– गाइड वेगळा येणार का? त्याची भाषा कोणती? तो किल्ल्यावर सोबत चढणार की खालीच थांबणार?
– कोणते किल्ले, कोणत्या क्रमाने, आणि प्रत्येक ठिकाणी किती वेळ?
– प्रवेशाचे पैसे आणि जेवण यात धरलेलं आहे का?
– गाडी कोणती, एसी चालतो का, आणि ती मिथेनवर आहे का?

शेवटचा प्रश्न विचित्र वाटेल. त्याचं कारण गाडीच्या भागात येतंच.

क्रम आणि वेळ लिहून घेण्यामागेही कारण आहे. चालकाचा दिवस जितक्या लवकर संपेल तितकं त्याला बरं, म्हणून अयाज कलेवर पाऊण तास देऊन हॉर्न वाजू लागतो. 'अयाजला दोन तास' असं लिहिलेलं असेल तर बोलायला आधार राहतो. भाषेची अडचण असेल तर खाली उतरण्यापूर्वी फोनवर परतीची वेळ आकड्यात टाइप करून त्याला दाखवा. बोटांनी दाखवलेले 'दोन' म्हणजे दोन तास की दोन वाजता, यावरून गैरसमज होतात.

सोममधल्या लहान नोटा जवळ असू द्या. तिकिटाची खिडकी असली तरी तिथे कार्ड चालेल किंवा मोठ्या नोटेची मोड मिळेल असं नाही, आणि वाळवंटात एटीएम नाही.

पन्नासांतले दहा करायला जाणं

अंतराचा हिशेब आधी करा. खिव्याहून तोप्राक कला रस्त्याने साधारण 90 किमी. तिथून अयाज कला आणखी 25 ते 30 किमी. रस्त्यांची अवस्था सगळीकडे सारखी नाही, त्यामुळे एका बाजूला दोन तास सहज जातात. येण्याजाण्याचे आणि मधल्या फिरण्याचे मिळून गाडीत पाच तास धरा. नऊ तासांच्या दिवसात उरले चार. अयाज कलेला दोन, तोप्राक कलेला पाऊण ते एक, किझिल कलेला वीस-पंचवीस मिनिटं, आणि जेवण. संपला दिवस.

म्हणून एका दिवसात तीन ठिकाणं हा योग्य आकडा. 'पाच किल्ले', 'सात किल्ले' अशा जाहिराती असतात. त्यातले दोन-तीन गाडीच्या काचेतून दाखवून मोजलेले असतात. चौथं हवंच असेल तर गुलदुरसून घ्या. हा प्रचंड तट कापसाच्या शेतांच्या मधोमध उभा आहे. मूळ जागा प्राचीन, पण आज दिसणाऱ्या भिंतींचा मोठा भाग 12व्या शतकातला आणि मंगोल स्वारीनंतर, म्हणजे 1220-21 नंतर, ओस पडलेला. तिथे दफनभूमीही आहे, तेव्हा वागण्याबोलण्यात तेवढं भान ठेवा.

कोय क्रिलगान कला मात्र पहिल्या सहलीत ठेवू नका. पुस्तकांतल्या आराखड्यात तो जबरदस्त दिसतो: इ.स.पू. 4थ्या शतकातली वर्तुळाकार वास्तू, मधोमध गोल इमारत आणि भोवती तटाचं कडं. 1951 ते 1957 या काळात त्याचं पूर्ण उत्खनन झालं. मातीचं बांधकाम एकदा उघडं पडलं की पाऊस आणि वारा त्याला फार दिवस ठेवत नाहीत. आज तिथे झिजलेली वर्तुळाकार उंचसखल जमीन उरली आहे. आराखडा डोक्यात असलेल्या अभ्यासकाला त्यातही मौज वाटेल, बाकीच्यांना आडवाटेच्या खडखडाटाचा पश्चात्ताप. जानबास कला (इ.स.पू. 4थं शतक) याच्या उलट. तटाला बुरूज नाहीत, पण भिंतीभर जंग्यांची, म्हणजे बाण मारायच्या फटींची, दाटी आहे आणि गर्दी जवळजवळ शून्य. किल्ल्यांचं वेड असेल तर तिच्यासाठी वेगळा दिवस काढा.

दुपारी बारा वाजता अयाजचा चढ

नेहमीचा कार्यक्रम असा: नऊला निघायचं, वाटेत किझिल आणि तोप्राक करायचे, आणि अयाजला पोचायचं भर दुपारी. एप्रिल-मेमध्ये किंवा सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत हे चालून जातं. जून ते ऑगस्टमध्ये पारा 40 च्या घरात असतो, सावली कुठेच नसते आणि पायाखालची फिकट जमीन ऊन उलट तोंडावर फेकते. अशा वेळी क्रम उलटा करा. पहाटे साडेपाचला निघा, अयाजचा चढ साडेनवाच्या आत संपवा, जेवणाची वेळ अयाजजवळच्या तंबूंच्या छावणीत काढा आणि तोप्राक-किझिल परतीच्या वाटेवर घ्या. उझबेकिस्तानचं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे आहे. जूनमध्ये तिथे साडेपाचच्या सुमारास उजाडतं आणि रात्री साडेआठपर्यंत उजेड असतो, म्हणजे दिवस भरपूर मोठा मिळतो.

डिसेंबर-जानेवारीत गणित बदलतं. सूर्य आठनंतर उगवतो, साडेपाचला मावळतो, वारा बोचरा आणि पारा शून्याखाली जाणारा. अयाजजवळची तंबूंची छावणी हंगाम संपला की बंद होते, त्यामुळे जेवण आणि शौचालय दोन्ही जातात. अशा दिवसात दोनच किल्ले ठरवा आणि थर्मासमध्ये चहा घ्या.

फोटोसाठीही दुपार वाईट, आणि त्याचं कारण साधं आहे. भिंत, टेकडी, जमीन, सगळ्यांचा रंग एकच. डोक्यावरच्या उन्हात सावली पडत नाही, म्हणून बुरूज आणि भिंत एकमेकांत मिसळून सपाट पट्टा दिसतो. तिरप्या उन्हात प्रत्येक बुरुजाची, प्रत्येक जंगीची सावली उमटते. 'ढिगारे पाहिले' म्हणणाऱ्यांतले बरेचजण बारा ते तीनच्या दरम्यान पोचलेले असतात!

उन्हाचा त्रास सुरू झाल्याची पहिली खूण म्हणजे डोकं दुखणं, मळमळ, पायांत गोळे. तिथेच उतरायला लागा, 'आता आलंच की' म्हणत वर चढू नका. गाडीतला एसी, ओला रुमाल मानेवर, ओआरएसचे घोट थोडे थोडे. माणूस असंबद्ध बोलू लागला, कातडी तापलेली असून घाम थांबला, तर तो उष्माघात समजा. अंगावर पाणी ओतून वारा घालत राहा आणि रुग्णवाहिकेचा 103 क्रमांक लावा. रेंज नसेल तर वाट न बघता गाडी बोस्तान गावाकडे काढा.

सह्याद्रीच्या सवयीने भिंतीवर हात टाकणं

आपल्या ट्रेकरचा हात अडचणीच्या जागी आपोआप खडकाकडे जातो. बसाल्टला धरायची ती सवय इथे धोक्याची. कच्ची वीट वरून टणक वाटते, पण वजन पडलं की कोपरा हातात येतो. त्यात माणूसही पडतो आणि भिंतही जाते.

भिंतीचा पाया हा त्याहून नाजूक भाग. आसपासच्या कापसाच्या शेतांना पाटाचं पाणी दिल्याने जमिनीतलं पाणी वर येतं. ते खारं असतं. विटांत शोषलं जातं, बाष्प होऊन उडतं आणि मीठ विटेच्या आत स्फटिक होऊन बसतं. हे स्फटिक फुगले की विटेचा भुगा होतो, मग वारा तो भुगा उडवून नेतो. काही वर्षांनी भिंत खालून कोरली जाते आणि वरचा भाग पुढे झुकलेला राहतो. नेमकी तिथेच दुपारी सावली पडते आणि लोक तिथेच पाठ टेकून डबा उघडतात. पायथ्याशी पांढरट थर किंवा ताजा भुगा दिसला तर त्या भिंतीच्या उंचीइतकं अंतर ठेवून बसा.

तटाच्या माथ्यावरून चालणं तर पूर्ण टाळा. अयाज कलेत तीन किल्ले आहेत. त्यातल्या टेकडीच्या माथ्यावरच्या पहिल्याच्या, म्हणजे अयाज 1 च्या, तटबंदीत आतली आणि बाहेरची अशा दोन भिंती आहेत आणि मधून कमानीच्या छताची गल्ली जाते. वरून जी पायवाट वाटते ती पुष्कळ ठिकाणी त्या गल्लीचं जुनं छत आहे, त्यावर वाळू साचलेली. पाय आत गेला तर खाली पोकळी.

बूट घोट्यापर्यंतचे, खोल खाचांच्या तळव्याचे हवेत. उतरणीवर कोरडा भुगा घसाऱ्यासारखा सरकतो, तेव्हा टाचा रोवून आणि तिरकं उतरा. पाऊस पडून गेलेला असेल तर हाच भुगा चिखल होतो आणि बुटाला दोन-दोन किलो चिकटतो. शिवाय ओल्या भिंतीवर उमटलेला पाय वाळल्यावर कायमचा राहतो, पुढचा पाऊस त्याच खळग्यात साचतो आणि तिथूनच चीर पडते. आदल्या दिवशी जोराचा पाऊस झाला असेल तर चढ रद्द करा. खालून किल्ला छानच दिसतो.

अयाज 2 ची अवस्था विशेष नाजूक आहे. खालच्या टेकडीवरचा, फोटोत सगळ्यांत देखणा दिसणारा किल्ला तोच. वर जाण्याचा प्राचीन उतार सोडून मधूनच चढणाऱ्यांमुळे त्याचे कडे ढासळतात. अयाज 1 वरून तो पाहणं हेच त्याचं सर्वोत्तम दर्शन.

काय पाहतोय ते न कळता फिरणं

इथे थोडा वेळ देऊ, कारण सहलीचा जीव यातच आहे.

अयाज कला हा एक किल्ला नाही, तीन आहेत, आणि तिन्ही एका काळातले नाहीत. टेकडीच्या माथ्यावरचा पहिला इ.स.पू. 4थ्या-3ऱ्या शतकातला. खालच्या सपाटीवरचा तिसरा कुशाण काळातला, इ.स. 1ल्या-2ऱ्या शतकातला. मधल्या टेकडीवरचा दुसरा थेट इ.स. 6व्या ते 8व्या शतकातला. म्हणजे पहिला बांधणारे आणि दुसरा बांधणारे यांच्यात हजारेक वर्षांचं अंतर. क्रमांक संशोधकांनी दिलेले आहेत, काळाच्या क्रमाने नाहीत. गाइडने तिन्हींना मिळून 'दोन हजार वर्षं जुना' म्हटलं तर त्याला पुढचे प्रश्न विचारण्यात फारसा अर्थ नाही.

पहिल्यात शिरताना थेट आत जाऊ नका. दक्षिणेच्या दरवाज्यापाशी थांबा. आपल्या गडांवर रणमंडळ असतं तशी इथे दरवाज्याबाहेर वळणाची कोंडी आहे: शत्रूला सरळ धावत येता येत नाही आणि वळताना तो तटावरच्या तिरंदाजांसमोर उघडा पडतो. तंत्र आपल्या ओळखीचं, फक्त तोफा-बंदुकांच्या कितीतरी आधीचं. मग दुहेरी भिंतीमधल्या गल्लीत डोकावून जंग्या पाहा. त्या उभ्या, अरुंद आहेत आणि खालच्या बाजूला उतरत्या कापलेल्या, म्हणजे भिंतीच्या पायथ्याशी आलेल्यालाही बाण लागावा. तटाला बाहेरून अर्धवर्तुळाकार बुरूज लागोपाठ चिकटलेले दिसतील. आत मात्र मोकळं मैदान आहे. घरांचे अवशेष नाहीत म्हणून निराश होऊ नका. संकटाच्या वेळी आसपासच्या शेतकऱ्यांनी गुराढोरांसह आत यावं, अशी ही जागा असावी असं मानलं जातं.

तोप्राक कला याच्या अगदी उलटी: ती तटबंदीतलं शहर होती. मधून सरळ मोठा रस्ता, दोन्ही बाजूंना घरांचे चौक, आणि वायव्य कोपऱ्यात उंच चौथऱ्यावर राजवाडा. आज छत नसलेल्या खोल्यांच्या भिंती उभ्या आहेत, त्यांवर जपणुकीसाठी मातीचा नवा गिलावा चढवलेला. बरेचजण या गिलाव्याकडे पाहून 'हे तर नवंच बांधलंय' म्हणत निघून जातात. प्रत्यक्षात इ.स. 2ऱ्या-3ऱ्या शतकातला हा वाडा रंगीत भित्तिचित्रांनी आणि मातीच्या मोठ्या मूर्तींनी भरलेला होता. सोव्हिएत पुरातत्त्वज्ञ सर्गेई तोल्स्तोव यांच्या खोरेझम मोहिमेने 1938 मध्ये ही जागा नोंदली आणि महायुद्धानंतर उत्खनन केलं. राजांचं दालन, योद्ध्यांचं दालन ही नावं त्या मूर्तींवरून पडली. लाकडावर आणि कातड्यावर लिहिलेले खोरेझमी भाषेतले कागदपत्रही इथेच निघाले. या वस्तू जागेवर नाहीत, सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आणि काराकल्पाकस्तानची राजधानी नुकुस इथल्या संग्रहालयांत आहेत. चित्रांचे फोटो फोनमध्ये आधी साठवून ठेवा आणि त्या त्या खोलीत उभं राहून पाहा. रिकामी खोली भरल्यासारखी होते. तोप्राकच्या उंचवट्यावरून जवळच एकटी चौकोनी गढी दिसते, ती किझिल कला. तिच्या बाहेरच्या भिंतींची अलीकडे बरीच दुरुस्ती झाली आहे, म्हणून ती संशयास्पद नीटनेटकी दिसते. जुन्या आणि नव्या विटेचा सांधा शोधणं हाच तिथला वीस मिनिटांचा उद्योग.

हे सगळं ओस का पडलं, हा प्रश्न गाइडला जरूर विचारा. 'मंगोल आले' एवढंच उत्तर अपुरं आहे. तोप्राक आणि कोय क्रिलगान त्यांच्या कित्येक शतकं आधीच संपले होते. इथलं जगणं अमूदर्येच्या कालव्यांवर होतं. कालवा गाळाने भरला, नदीने पात्र बदललं किंवा कालवा राखणारी सत्ता मोडली, की शेत गेलं, मागोमाग गाव. गाडीतून दिसणारे जमिनीवरचे लांबलचक समांतर उंचवटे म्हणजे पुष्कळदा त्या जुन्या कालव्यांचे काठ असतात. वाटेत लागणारं बेरुनी हे गाव अल्-बिरुनीच्या नावाचं. भारतावर सविस्तर लिहिणारा हा विद्वान 973 मध्ये याच परिसरातल्या काथ या राजधानीत जन्मला.

गाडीचे प्रश्न

आता मिथेन. उझबेकिस्तानात पुष्कळ टॅक्सी मिथेनवर धावतात आणि टाकी डिकीत असते. पहिला परिणाम: सामानाला जागा उरत नाही. दुसरा: पंपावर रांग लागते, हिवाळ्यात तर मोठी. गॅस भरताना सुरक्षेसाठी प्रवाशांना बाहेर उतरवून फाटकापाशी थांबवतात. हे सकाळी नऊला झालं तर पाऊण-एक तास गेला. आदल्या संध्याकाळीच 'गॅस रात्री भरून या' असं सांगा आणि परतीच्या वाटेवर पुरेसं पेट्रोलही आहे ना ते विचारा.

अयाजच्या पायथ्याशी कच्च्या वाटांवर मऊ वाळूचे पट्टे आहेत. सेडान रुतली की चालक ॲक्सिलरेटर दाबत राहतो आणि चाक आणखी खोल जातं. तिथेच थांबवा. सगळे उतरा. पुढच्या चाकांना जोर देणारी गाडी असेल तर पुढच्याच चाकांच्या दोन्ही बाजूंची वाळू हाताने काढा, पायपुसणी चाकाखाली सरकवा, टायरची हवा 18 पीएसआयच्या आसपास आणा आणि पुढे न जाता आल्या वाटेने मागे घ्या. मागची वाळू चाकांनी आधीच दाबलेली असते. हवा पुन्हा भरेपर्यंत गाडी हळू. नाहीच निघाली तर कुणीही एकट्याने वाळवंटातून मदत आणायला चालत जाऊ नका. गाडी लांबून दिसते, माणूस दिसत नाही.

'तकीर' म्हणजे चिकणमातीची भेगाळलेली सपाटी. कोरडी असताना रस्त्याहून गुळगुळीत, पावसानंतर साबण. ओल्या तकीरवर शॉर्टकट नको.

पाणी, जेवण, आडोसा

वसंत-शरदात माणशी 2 लिटर, उन्हाळ्यात 4, शिवाय गाडीत पाच लिटरचा एक कॅन. किल्ल्यांवर दुकान नाही. शौचालय छावणीत आहे, बाकी ठिकाणी आडोसाही नाही, म्हणून खिव्यातून किंवा बोस्तानमधून निघण्यापूर्वी ते उरकून घ्या.

शाकाहारी मंडळींची चूक म्हणजे तिथे पोचल्यावर 'व्हेज' सांगणं. तोवर मांस शिजलेलं असतं आणि तुमच्यासाठी त्यातले तुकडे बाजूला काढले जातात. आदल्या दिवशी फोनवरून कळवा. मांसाला उझबेकमध्ये 'गोश्त'च म्हणतात, 'गोश्तसिज' म्हणजे बिनमांसाचं. सूपचं पाणीही मांसाचं नको आणि मेंढीची चरबी नको, हे वेगळं सांगावं लागतं. तरीही नान, टोमॅटो-काकडीची कोशिंबीर आणि चहा एवढ्यावर भागवायची तयारी ठेवा, सोबत दाणे-खजूर असू द्या. अंडं चालत असेल तर खिव्यात 'तुखुम बराक' खाऊन घ्या. कणकेच्या पारीत अंडं भरून उकडलेला हा पदार्थ खास खोरेझमचा.

तीन गोष्टी ज्या सामानात नकोत

ड्रोन. उझबेकिस्तानात तो आणायलाच परवानगी लागते, नाहीतर विमानतळावरच जप्त होतो. खापऱ्या. तोप्राकच्या जमिनीवर त्या पायाखाली येतात, पण एकही खिशात टाकू नका. पुरावस्तू देशाबाहेर नेणं गुन्हा आहे, आणि 'लहानशीच आहे' हे कस्टमच्या टेबलावर चालत नाही. आणि एप्रिलमध्ये वाळूत दिसणारी कासवं. फोटो काढा, उचलू नका. वर्षातले थोडेच आठवडे ती जमिनीवर चरतात.

खिव्यालाच परतणं

पुढचा मुक्काम नुकुसला असेल तर किल्ले पाहून पुन्हा खिव्याला येणं म्हणजे दुसऱ्या दिवशी तीच नदी परत ओलांडणं. सहल एकमार्गी ठरवा: खिवा, तोप्राक, अयाज, नुकुस. वाटेत नुकुसच्या अलीकडे 43 किमीवर चिल्पिक लागतो. टेकडीवरचं गोल कडं पाहून त्याला सर्रास किल्ला म्हणतात, पण तो झरथुष्ट्री लोकांचा दखमा, म्हणजे मृतदेह उघड्यावर ठेवायची जागा आहे, मुंबईत पारशांचा असतो तसा. काराकल्पाकस्तानच्या राजचिन्हावरही तोच आहे. नुकुसला दुसऱ्या दिवशी सावित्स्की संग्रहालय पाहता येतं. इगोर सावित्स्की 1950 मध्ये तोल्स्तोवच्याच मोहिमेत चित्रकार म्हणून या भागात आले होते. संग्रहालय 1966 मध्ये सुरू झालं.

अशा एकमार्गी सहलीत सामान दिवसभर गाडीतच राहणार, म्हणून डिकीत गॅसची टाकी नसलेली गाडी मागा, आणि चालकाच्या रिकाम्या परतीचे पैसे भावात धरलेत का ते निघण्याआधी विचारून घ्या.